"सर्वच संस्कृतींनी..." हे वाक्य मी सिनॉप्सिसमधून का खोडलं

चार वर्षांपूर्वी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मी जो सिनॉप्सिस लिहिला, त्याचं पहिलं वाक्य असं होतं: "प्राचीन काळापासून जगातल्या सर्वच संस्कृतींनी संगीत आणि हालचाल यांचा मानसिक आघातावर उपचार म्हणून वापर केला आहे." मला हे वाक्य फार आवडलं होतं. घरी मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. मुलाखतीत समितीतल्या एका मॅडमनी पेन्सिल काढली, 'सर्वच', 'आघात' आणि 'उपचार' या तीन शब्दांखाली रेघा मारल्या आणि शांतपणे विचारलं, "यातला एक तरी शब्द तुम्ही मोजणार आहात का?" मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं.

हे आज सांगायचं कारण म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताना मला सिनॉप्सिस पाठवता, आणि योग असो, भजन असो की आदिवासी नृत्य, हेच वाक्य थोड्या वेगळ्या कपड्यांत पुन्हा भेटतं. म्हणून या वेळी नवीन संशोधन समजावून सांगण्याऐवजी माझं जुनं वाक्य ज्या लेखांवर आणि गोष्टींवर उभं होतं, ती जरा तपासून बघू.

आधी मोह कुठून आला ते सांगते. मी इंदापूर तालुक्यातली. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी आमच्याकडून जाते. बारामतीचा मुक्काम झाला की काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, मग पुढे बेलवाडीला अश्वाचं पहिलं गोल रिंगण. बेलवाडीचं रिंगण तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा पाहा. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, टाळकरी, आणि शेवटी अश्व. अश्व गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. त्यानंतर फुगड्या सुरू होतात. सत्तरीची म्हातारी विशीच्या पोरीला गरगर फिरवते आणि पोरगीच आधी दमते. एम.एस्सी.ला शरीरक्रियाशास्त्र शिकून आलेली मी हे बघत होते आणि डोक्यात एकच: हाच तर उपचार! ताल आहे, श्रम आहे, समूह आहे, श्रद्धा आहे. आणखी काय पाहिजे?

पाहिजे होता पुरावा. आणि तो शोधताना मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी आधी निष्कर्ष ठरवला आणि मग त्याला संदर्भ चिकटवत गेले.

पहिला चिकटवलेला संदर्भ टार, लॉने आणि डनबार यांच्या २०१५च्या प्रयोगाचा. ब्राझीलमधल्या २६४ विद्यार्थ्यांना त्यांनी नाचायला लावलं. काहींनी सगळ्यांबरोबर एकाच तालात, काहींनी वेगवेगळं. काहींनी दमछाक होईल असं, काहींनी बसल्या बसल्या नुसते हात हलवून. नाचाआधी आणि नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून वेदना कुठपर्यंत सहन होते ते पाहिलं. एकत्र ताल आणि शारीरिक श्रम, दोन्हींनी स्वतंत्रपणे सहनशक्ती वाढली, आणि बरोबर नाचणाऱ्यांविषयी आपुलकीही वाढली. प्रयोग सुंदर आहे. फुगडी घालणाऱ्या म्हातारीचे पाय का दुखत नाहीत, याचं थोडंफार उत्तर त्यात असेलही. पण ती सगळी धडधाकट शाळकरी मुलं होती. दंडाला आवळलेल्या पट्ट्याची कळ आणि रात्री अडीचला दचकून उठवणारी आठवण यांत फार मोठं अंतर आहे, आणि मी ते एका 'म्हणून'ने ओलांडलं होतं. सिनॉप्सिस लिहून झाला की आपले सगळे 'म्हणून' शोधा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मोजलेली आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसते.

दुसरा संदर्भ व्हॅन डर कोल्क यांच्या योगावरच्या अभ्यासाचा, २०१४चा. आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, असलेल्या आणि आधीच्या उपचारांनी गुण न आलेल्या ६४ स्त्रिया. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया निदानाच्या बाहेर आल्या. आरोग्यशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या गटातल्या २१ टक्के. इथे निदान आजार तोच आहे आणि तुलनेचा गटही आहे. पण टक्क्यांच्या मागची माणसं मोजा. १६ विरुद्ध ६. दिशा दाखवायला एवढं पुरतं, 'सिद्ध झालं' म्हणायला पुरत नाही. आणि एक गंमत: योग इथून तिकडे गेला, तिकडच्या प्रयोगशाळेतून आकडा घेऊन परत आला, आणि आपण तो आकडा 'आपल्या परंपरेला मिळालेली मान्यता' म्हणून छापतो. बोस्टनमधल्या वर्गात शिकवलेला तो योग आणि माझ्या गावातला टाळ यांच्यात समान काय, हे कोणीच तपासलेलं नसतं.

नृत्योपचाराचंही तसंच. नैराश्यावरच्या नृत्योपचाराचा कॉक्रेनचा आढावा २०१५ साली आला. जगभरातून निकषांत बसले तीन अभ्यास, मिळून १४७ माणसं. आढावा घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की यावरून ठामपणे काही म्हणता येत नाही. परिणाम होत नाही असंही त्यांनी म्हटलेलं नाही. हा फरक परीक्षेत एका गुणाचा असतो, संशोधनात मात्र सगळा खेळ त्याच्यावरच असतो.

आता भारतातल्या एका लेखाकडे येते. तो मला खरोखर आवडतो, म्हणूनच त्याचा गैरवापर खुपतो. २०१२ साली तिवारी, खान, हॉपकिन्स, श्रीनिवासन आणि राइशर यांनी प्रयागच्या माघ मेळ्याचा अभ्यास छापला. गंगेकाठी महिनाभर कल्पवास करणारे ४१६ यात्रेकरू आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण. मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर दोघांनाही त्यांच्या तब्येतीविषयी, बरं वाटण्याविषयी विचारलं. गेलेल्यांचं बरं वाटणं वाढलं, न गेलेल्यांचं नाही. थंडी, गर्दी, गोंगाट, अपुरं अन्न, रोजचं गार पाण्याचं स्नान, एवढं सोसून माणसं आधीपेक्षा बरी होऊन परतली.

"मग वारीला हेच लागू!" मी लिहूनही टाकलं होतं.

पण लेखात काय नाही ते बघा. आघात झालेल्यांना वेगळं काढून पाहिलेलं नाही. संगीत आणि हालचाल वेगळी मोजलेली नाही. एकत्र राहणं, देव, नदी, घरच्या कामातून सुटका, सगळं एकाच गाठोड्यात आहे. आणि कोण जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्याला जावंसं वाटलं, ज्याच्या अंगात ताकद होती, ज्याला घरच्यांनी सोडलं, तो गेला. लेखकांनी त्यांच्या पुराव्यापुरतंच बोललेलं आहे. वाढवून बोलले ते संदर्भ देणारे, म्हणजे माझ्यासारखे.

'समूह' हा शब्दही इथे सैल होतो. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या होत्या. त्यांचा त्यावरचा लेख १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये इंग्रजीत आला. वारीच्या आनंदाबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं, आणि जातवार वेगळ्या चालणाऱ्या, वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्या पाहून वाटलेलं दुःखही लपवलं नाही. कोणत्याही यंत्राशिवाय केलेलं ते निरीक्षण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसपेक्षा जास्त शास्त्रीय आहे, कारण त्यांना जे बघायचं होतं त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्टही त्यांनी टिपली.

परंपरागत उपचारांवर लिहिणारे आणखी एक लेख हमखास देतात: 'ब्रिटिश मेडिकल जर्नल', २००२, रघुराम आणि सहकारी. तमिळनाडूतल्या एका देवळात येऊन राहिलेल्या ३१ जणांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के घट दिसली. काही औषधांनी होते तेवढी. वाचताना अंगावर काटा येतो. पण मूळ लेख उघडा. त्यांतल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया होता, म्हणजे विषय आघाताचा नाही. तुलनेचा गट नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या देवळात उपचाराचा असा काही खास विधीच नव्हता. माणसं राहत होती, देवळाची बारीकसारीक कामं करत होती, सोबत घरचं कोणीतरी असायचं, कोणी हिडीसफिडीस करत नव्हतं. 'संगीत व विधी यांनी उपचार' या मथळ्याखाली हा लेख दिलेला मी दोन प्रबंधांत पाहिला आहे. त्यांनी तो वाचला नसावा. मीही वाचला नव्हता, फक्त सारांश वाचला होता.

त्याच तमिळनाडूत, हा लेख छापून येण्याच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ला एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात आग लागली. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ जण गेले. तीही 'परंपरागत उपचारा'चीच जागा होती. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असं बांधून ठेवायला बंदी आहे. पण 'आपल्या संस्कृतीत उपचार होताच' असं आपण सरसकट लिहितो तेव्हा देऊळही त्यात येतं आणि ती साखळीही. कोणती जागा, कोणते लोक, कोणाच्या मर्जीने, हे न लिहिणं हा नुसता भाषेचा ढिसाळपणा राहत नाही.

आता रवांडाची गोष्ट. ती तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आलीच असेल. १९९४च्या नरसंहारानंतर पाश्चात्त्य समुपदेशक आले, माणसांना एकेक करून अंधाऱ्या खोल्यांत बसवून वाईट आठवणी बोलायला लावल्या. ना ऊन, ना ढोल, ना गाव. शेवटी त्यांना जायला सांगावं लागलं. ही गोष्ट अमेरिकी लेखक अँड्र्यू सॉलोमन यांनी सांगितलेली आहे. ते सेनेगलमध्ये ढोल, नाच आणि बळी असलेल्या एका विधीतून स्वतः गेले होते. पुढे रवांडात एकाने त्यांना हे सांगितलं. म्हणजे ऐकीव गोष्ट, सांगणारा एक. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. परक्याने आपलं दुःख त्याच्या साच्यात ओतलं की कसं वाटतं, हे ती नेमकं सांगते. आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ साली हाच धोका शास्त्राच्या भाषेत मांडला होता: एका समाजात घडवलेली निदानाची चौकट दुसऱ्या समाजावर ठेवली की ती तिथे 'सापडते'च, पण त्याचा अर्थ तोच असतो असं नाही.

पण याच विषयावर दुसरा पुरावाही आहे, आणि तो कोणी फॉरवर्ड करत नाही. युगांडातल्या निर्वासित वसाहतीत नॉयनर आणि सहकाऱ्यांनी २७७ रवांडी आणि सोमाली निर्वासितांवर अभ्यास केला, २००८ साली छापला. उपचार कसला? बोलण्याचाच. एकेकाला बसवून आयुष्याची गोष्ट, आघातासकट, सुरुवातीपासून सांगायला लावायची. सुमारे ७० टक्के लोक पीटीएसडीच्या निदानातून बाहेर आले. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ३७ टक्के. ढोल नव्हता, नाच नव्हता. फरक हा होता की समुपदेशक त्याच वसाहतीतले होते, प्रशिक्षण दिलेले निर्वासित. सॉलोमन यांच्या गोष्टीत चुकलं ते बोलणं होतं की बोलायला लावणारा परका होता? गोष्टीवरून कळत नाही. 'त्यांना बोलणं चालत नाही, त्यांना नाचच लागतो' हा निष्कर्ष तर मला जरा अपमानास्पदच वाटतो.

आपल्याकडे एक जवळचं उदाहरण आहे: जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. इंदापूर तालुक्यातल्या बायकांच्याही त्यात आहेत. पहाटेचा अंधार, हाताची गोल फिरती लय, आणि तोंडाने माहेर, मार, मेलेलं मूल. संगीत आहे, हालचाल आहे, आघातही आहे. पण म्हणून जातं हे उपचाराचं साधन होतं का? ते जड होतं. ते ओढावंच लागायचं, न ओढून सांगायचं कोणाला? गिरणी आल्यावर किती बायकांनी जात्यासाठी हळहळ केली ते जरा घरी विचारा. ओवी म्हणून हलकं वाटत असेल, मला खात्री आहे वाटत असणार. पण त्या सक्तीच्या कष्टाला आपण 'हालचाल-उपचार' म्हटलं तर त्या बाईच्या खांद्याचं दुखणं आपण सिनॉप्सिसमधून पुसून टाकतो.

एवढं सगळं वाचल्यावरही माझा एक हट्ट उरला होता, आणि तो घरातला होता. माझ्या मोठ्या काकीचा मुलगा पालखी मार्गावरच मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर वर्षभर काकी जवळपास बोलत नव्हती. पुढच्या आषाढात गावच्या दिंडीत गेली आणि तेव्हापासून दर वर्षी जाते. घरात सगळे म्हणतात, "वारीनं तिला वाचवलं." माझा सिनॉप्सिस खरं तर त्या एका वाक्यासाठी होता.

(तिचं नाव मी लिहीत नाही, आणि हे लिहू का ते तिला विचारलं आहे. घरच्या माणसाला नमुना म्हणून प्रबंधात घेतलेलं नाही. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा; संमती म्हणजे काय ते त्यात आहे. 'घरचीच आहे, नाही कशाला म्हणेल' म्हणजे संमती नव्हे.)

सरावासाठी म्हणून मी पीसीएल-५ ही पीटीएसडीची प्रश्नावली मराठीत करून तिच्यासमोर बसले होते. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. त्या घटनेची आठवण देणाऱ्या जागा, माणसं, वस्तू टाळता का, असा त्यात एक प्रश्न आहे.

"त्या रस्त्यानं मी जातच न्हाई," काकी म्हणाली. "बाजाराला जायचं झालं तरी आतल्या वाटंनं जाती. तासभर जास्त लागतो."

मी चार गुण लिहिले. मग सुचलं. "काकी, पण वारीत तर त्याच रस्त्यानं जातेस की."

"वारीत मी कुठं जाती? दिंडी नेती."

पेन तिथेच थांबलं. आषाढात हा प्रश्न विचारला तर शून्य, कार्तिकात विचारला तर चार. बाई एक, प्रश्न एक. मी फक्त वारीआधी आणि वारी संपताना मोजलं असतं, तर सुंदर घट दाखवणारा आलेख आला असता आणि 'वारीने टाळाटाळ कमी होते' असं मी छापलं असतं. चार महिन्यांनी मोजलं असतं तर 'परिणाम टिकत नाही.' दोन्ही आलेख खरे, आणि दिंडीचं 'नेणं' काय असतं ते दोन्हींतून निसटलेलं. माघ मेळ्याच्या अभ्यासात महिनाभरानंतर पुन्हा विचारलं होतं हे किती महत्त्वाचं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि वर्षभराच्या मोजमापांशिवाय वारीबद्दल बोलू नये हेही.

दुसरी अडचण शब्दाची. काकीला झालं ते आघात की शोक? मुलाचा अचानक अपघाती मृत्यू पीटीएसडीच्या व्याख्येत बसतो. दीर्घकाळ न ओसरणारा शोक हे वेगळं निदान म्हणून आयसीडी-११मध्ये आहे. काकीचा शब्द तिसराच: 'ते.' "ते आलं की छातीत दगड बसतो." ते जातं का, असं विचारल्यावर म्हणाली, "जात न्हाई. पाय चालत्यात तवर गप बसतं." वारीनं वाचवलं हे घरच्यांचं वाक्य आहे. ती स्वतः असं कधीच म्हणालेली नाही, आणि मला ते इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

माझा आजचा विषय फार छोटा आहे: भजनी मंडळात एकत्र टाळ वाजवताना निरोगी माणसांच्या श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची लय किती जुळते, आणि भजन थांबल्यावर किती वेळ जुळलेली राहते. आघात हा शब्द माझ्या प्रबंधात नाही. मैत्रिणी म्हणतात एवढंच? हो, एवढंच, आणि त्यालाही चार वर्षं पुरली नाहीत. तुम्हाला या विषयात यायचं असेल तर जरूर या, काम भरपूर आहे. फक्त कोणत्या लोकांच्या कोणत्या त्रासावर, कोणत्या लयीचा, कशाच्या तुलनेत, किती दिवसांनी, एवढं पहिल्या परिच्छेदात लिहून मग मला पाठवा. 'प्राचीन काळापासून' दिसलं तर मी पुढे वाचणार नाही, आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी प्रश्नावली संपल्यावर काकीने कागद हातात घेऊन वरखाली पाहिला. अपघात झाला ती जागा आली की ती टाळ पिशवीत टाकते आणि पुढच्या गावापर्यंत मुकाट चालते. मला हे माहीत नव्हतं. पोराला नेताना गावच्या मंडळाने हेच टाळ वाजवले होते, म्हणाली, त्या आवाजात तिथून जाववत नाही. बाकीच्या बाया थांबत नाहीत, वाजवतच राहतात, पण दोघी जणी तिच्या दोन्ही अंगाला येऊन चालतात.

"ते ह्यात कुठं लिवायचं?" तिने विचारलं.

विसाव्या प्रश्नाच्या खाली थोडी कोरी जागा होती. तिथे लिहिलं. त्याला गुण काय द्यायचे ते अजून ठरलेलं नाही.